वानरांच्या मानाचं गाव आणि सोमवारची सभा

या वेळची सहल मी ठरवली नाही. ती नानांच्या एका फोनने ठरली.

नाना म्हणजे माझी मुलगी प्राजक्ता जिथे दहावीला विज्ञान शिकवते, त्या शाळेचे अध्यक्ष. गुरुवारी दुपारी मी वळ गावच्या गोदामावर गाडी खाली करून घेत होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. सोमवारी पालकांची सभा लावली आहे. प्राजक्ताने सगळ्यांसमोर उभं राहून माझं चुकलं म्हणायचं, उत्क्रांतीचा धडा मुलांनी आपापल्या घरी वाचावा असं सांगायचं आणि खाली बसायचं. नाही म्हणाली तर कमिटी तिला ठेवणार नाही. "पोरगी तुजी हाय, तू समजव," नाना म्हणाले. मी म्हटलं, "झालं समजा."

मी मूळचा टेम्पोवाला. भिवंडीत कामतघरच्या पॉवरलूमवरून कापडाचे तागे भरायचे, मुंबईला टाकायचे आणि परतीचा माल शोधत फिरायचं. त्यातून दोन ट्रक झाले, ट्रकांतून बापाच्या भातखाचरावर गोदामं उभी राहिली. यातलं काहीही मी भांडून केलेलं नाही. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याच्या हातात काहीतरी ठेवायचं, मग तो चहा असो की शब्द, ही माझी रीत. आणि माझ्या मागच्या दोन गोदामांचा रस्ता नानांच्या जागेतून जातो. कागदावर नाही, तोंडी. तर नानांना मी दुसरं काय म्हणणार होतो?

प्रकरण असं. प्राजक्ता रविवारी मोबाईलवर जादा तास घेते. त्यात ती म्हणाली, आजच्या माकडापासून माणूस झालेला नाही. आपण आणि माकडं एका फार जुन्या पूर्वजाचे वंशज आहोत. कुणीतरी त्यातला शेवटचा तेवढा तुकडा कापून घेतला, वर लिहिलं, 'मॅडम म्हणतात तुमची मुलं माकडाची अवलाद', आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून दिला. दोन दिवसांत तो तुकडा अख्ख्या भिवंडीत फिरला. एरवी साध्या गटाराच्या कामावरही ज्यांचं एकमत होत नाही, असे हिंदू-मुसलमान पालक एका अर्जावर सह्या करायला एकत्र आले. मी घरी म्हटलं, पोरीने एकी तरी करून दाखवली. बायको हसली नाही. आमच्या गावात असली गोष्ट फिरायला लागली की दंगली बघितलेली आमच्या वयाची माणसं आधी दाराची कडी बघतात.

प्राजक्ताची कॉलेजातली मैत्रीण रेणुका बालाघाटाच्या माळावरच्या एका गावात वानरांचा अभ्यास करते. ये ये म्हणून ती दोन वर्षं बोलावत होती. मी प्राजक्ताला म्हटलं, चल, फोनच्या कटकटीतून तीन दिवस बाहेर पडू. तिची बॅग भरायला वेळ लागला नाही. बायको गाडीच्या खिडकीपाशी येऊन मला तेवढं म्हणाली, "वाटेत तिला जास्त बोलू नका."

शुक्रवार: कोन ते खर्डा

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगून ठेवतो. भिवंडीहून पहाटेच निघा, म्हणजे कोन गावातली कोंडी लागत नाही. आम्ही उजाडल्यावर निघालो आणि कोनलाच कंटेनरच्या मागे रुतलो. पुढे कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, नगर, आष्टी, जामखेड. रस्ता बहुतेक चांगला, आष्टीच्या पुढे मध्ये मध्ये काम चालू आहे. गाडीत डिझेल कल्याणलाच भरून घ्या. मुरबाडला स्टँडजवळ मिसळ खाल्ली, सत्तर रुपये, तर्री वेगळी मागावी लागते पण मागितली की भरपूर देतात. डिसेंबर असल्याने घाटात धबधबे नव्हते, पण हवा अशी की काचा खाली करून जावं.

माळशेजच्या बोगद्याच्या अलीकडे माकडांनी गाड्या अडवल्या होत्या. एक माणूस चिप्सची पिशवी उघडून पोराच्या हाताने खायला घालत होता आणि बायको शूटिंग करत होती. ही लाल तोंडाची माकडं. आपण बघायला जातोय ती वानरं, काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, हे मला माहीत होतं. प्राजक्ता म्हणाली, नुसता तोंडाचा फरक नाही, वानरं मुख्यतः पाला खातात, त्यांचं पोटच वेगळ्या बांधणीचं असतं.

मी म्हटलं, "मग यातलं आपलं कोण?"

"दोघंही लांबचे. तुमच्या भाषेत सांगू? वळ गावात जमिनीचा सौदा होतो तेव्हा वंशावळ काढतात ना? तुम्ही आणि दामूकाका एका खापरपणज्याचे. म्हणून काय तुम्ही दामूकाकांपासून झालात?"

मी म्हटलं, देवाने वाचवलं. दामू माझा भाऊबंद, त्याने तीन गुंठ्यांवरून मला दहा वर्षं कोर्टात फिरवलंय. पण गोष्ट डोक्यात बसली. आजवर मला वाटायचं की एक माकड हळूहळू उभं राहत गेलं आणि शेवटी त्याने पँट घातली. शाळेत तसंच चित्र होतं. हे भावकीचं प्रकरण आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मनात आलं, हेच जर सोमवारी पालकांना समजावलं तर? लगेच दुसरं मनात आलं, सोमवारी समजावायचं नाहीये, माफी मागायची आहे. मी तसा शब्द दिलाय.

नगरच्या अलीकडे मोबाईलवर हनीफभाईचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. हनीफभाई माझा जुना दोस्त, चोवीस लूमचा मालक. मी टेम्पोवर होतो तेव्हापासून आम्ही एकमेकांच्या घरी जेवतो. अर्जावर पहिली सही त्याचीच होती. प्राजक्ताने स्पीकरवर लावायला सांगितलं. तो रागावलेला नव्हता, ते जास्त वाईट. म्हणत होता, पाटील, आम्ही बाबा आदमची औलाद, हे मला माझ्या बापाने सांगितलं, त्याला त्याच्या बापाने. परवा माझी पोरगी शबाना, तुझ्या पोरीच्याच वर्गातली, जेवताना विचारते, अब्बा, घरचं खरं की पुस्तकातलं? मी ताटावरून उठलो. माकडाचा माणूस होताना बघितला कुणी? तुझ्या पोरीशी माझं काय भांडण न्हाय. पण माझ्या घरात तिने भांडण लावलं.

प्राजक्ताने निरोप पुन्हा एकदा लावून ऐकला. मग म्हणाली, "हनीफकाकांना मी कधी भेटलेच नाही ना यावर. सही करायच्या आधी ते मला विचारू शकले असते. मीही जाऊ शकले असते."

मी रेडिओ लावला. बायकोने सांगितलंच होतं.

मुक्काम आम्ही खर्ड्याच्या पुढे तालुक्याच्या गावी एका लॉजवर केला. खोली आठशे रुपये, पाणी गरम, चादरी स्वच्छ. खाली खानावळीत ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि ठेचा. एका माणसाचे शंभर रुपये झाले आणि वाढणाऱ्या बाई नको म्हणेपर्यंत थांबल्या नाहीत.

शनिवार: हुप्प्या

गावाचं नाव मी देत नाही. दिलं तर पुढच्या महिन्यात तिथेही कुणीतरी चिप्स घेऊन पोचेल. माळावरचं दोनशे उंबऱ्यांचं गाव, मध्ये मारुतीचं देऊळ, देवळापुढे मोठा पिंपळ, भोवती तुरीची शेतं. इथे वानरांना कुणी हाकलत नाही. तूर खाल्ली तरी फक्त शिव्या देतात, आणि त्याही हळू आवाजात. लग्नाघरी पहिला मान वानरांचा. नवऱ्या मुलाच्या घरचं ताट देवळाच्या ओट्यावर ठेवतात, कळपातला मोठा नर येऊन त्यातलं उचलतो, आणि मगच मांडवात अक्षता वाटतात. त्या मोठ्या नराला हुप्प्या म्हणतात. आम्ही गेलो त्याच दिवशी दुपारी एक लग्न होतं आणि आम्हालाही बोलावणं होतं.

रेणुकाने आधी नियम सांगितले. दात दाखवून हसायचं नाही, टक लावून बघायचं नाही, हातात काही धरायचं नाही. तिशीची पोरगी, उन्हाने रापलेली, गावात सगळे तिला 'वानरवाली बाई' म्हणतात आणि ती हाक मारली की ओ देते.

सकाळी आम्ही देवळामागच्या पडक्या भिंतीवर बसलो. कळप नुकताच खाली उतरला होता. आया एकमेकींच्या पाठीतून केस बाजूला करून काहीतरी वेचत होत्या. एका आईच्या पोटाशी नुकतं झालेलं काळंकुट्ट पिल्लू होतं. मोठ्यांचा रंग राखाडी, पिल्लू मात्र कोळशाचं. त्याचे कान अगदी माणसाच्या बाळाचे. प्राजक्ता जन्मली तेव्हा तिचे कान असेच दिव्यापुढे धरल्यासारखे पातळ दिसायचे, ते मला का कोण जाणे तिथे आठवलं.

रेणुका मात्र कळपाकडे कमी आणि पलीकडच्या लिंबाकडे जास्त बघत होती. तिथे एक दुसरा नर बसला होता, एक कान फाटलेला. आठवडाभर तो गावाच्या कडेने फिरतोय, ती म्हणाली. कळपाला एकच हुप्प्या असतो. बाहेरचा नर त्याला हरवून कळप घेतो, आणि घेतला की पुष्कळदा आधीची तान्ही पिल्लं मारतो. मग आया लवकर पुन्हा माजावर येतात आणि पुढची पिल्लं त्याची होतात. हे ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती, पण दुर्बीण धरलेला तिचा हात घट्ट होता.

शेजारी गावातले एक म्हातारे, तात्या, येऊन बसले होते. ते म्हणाले, "खरंय तिचं. नवा आला की लेकरं ऱ्हात न्हाईत. आमी तवा दोन दिस देवळाकडं येतच न्हाई. बगवत न्हाई." मग प्राजक्ताकडे वळून त्यांनी, तुम्ही काय शिकवता, म्हणून विचारलं. तिने सांगितलं. तात्यांनी पान तोंडात सरकवलं आणि म्हणाले, "मंग आमी लग्नात मान देतो त्यो भावकीलाच म्हना की." त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. मला वाटलं, या माणसाला दोन दिवस भिवंडीला घेऊन जावं.

तेवढ्यात एक मादी हुप्प्याच्या वाटेत आली. त्याने दात दाखवून खाकरल्यासारखा आवाज केला. ती लगेच खाली वाकली, पाठ वळवून त्याच्यापुढे उभी राहिली. तो निघून गेला. पाच मिनिटांत तीच मादी त्याच्या शेजारी बसून त्याची पाठ वेचत होती. दोन दिवस मी ज्या क्षणाची वाट बघत होतो, तो समोर आला होता.

मी म्हटलं, "बघ, वाकली आणि मिटलं. कुणाचं काय गेलं? ही अक्कल त्यांनाही आहे."

प्राजक्ताने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. "पप्पा, उद्या तो फाटक्या कानाचा आला तर पिल्लं मारेल. तेही शिकायचं का त्याच्याकडून?"

मी भिंतीवर जरा सरकून बसलो.

"आपलं त्यांच्याशी नातं आहे म्हणून आपण त्यांच्यासारखं वागायचं, असं मी वर्गात एकदाही म्हटलेलं नाही. पालकांना भीती वाटते ती याचीच. मुलांना जनावर म्हटलं तर ती जनावरासारखी वागतील. आणि ते घाबरून जे बोलतात, तेच तुम्ही आता शहाणपण म्हणून सांगताय." मग तिने दुर्बीण खाली घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "नानांना काय सांगून आलात?"

पोरीला माझा आवाज ओळखता येतो, हे मी धरून चालायला हवं होतं. मी सांगितलं. रस्त्याचंही सांगितलं. म्हटलं, सभेत काय होईल सांगता येत नाही, लोक चिडलेत, कुणी दगड उचलला तर? दोन वाक्यं आहेत, बोलून टाक, पुढच्या वर्षी विसरतील सगळे.

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "रस्त्याचं मला आधी सांगायचंत. मी विचार केला असता. तुम्ही माझ्या तोंडचं वाक्य देऊन मोकळे झालात." आणि उठून रेणुकाच्या पलीकडे जाऊन बसली.

शनिवार दुपार: मान

मुहूर्त दुपारचा होता. मांडवात बायकांनी प्राजक्ताला लग्न कधी म्हणून घेरलं. तिने मास्तरीण आहे म्हणून सांगितल्यावर एक म्हणाली, मग नवराही वर्गातच बसवून शिकवावा लागंल. ती हसली. माझ्याकडे मात्र तिने बघितलं नाही. माझ्या खिशात फोन सारखा थरथरत होता. नाना. मी उचलला नाही.

ताट निघालं. गूळ, फुटाणे, शेंगा, चार केळी, वर हळदकुंकू. नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, पाहुणे लांबून आलेत, आज मान तुम्ही ठेवा. मला फार बरं वाटलं. सकाळपासून मी पोरीला नकोसा झालो होतो, इथे कुणीतरी ताट हातात देत होतं. तात्यांनी रीत सांगितली. ताट ओट्यावर ठेवायचं, दोन्ही हात रिकामे करून दाखवायचे आणि सरळ मागे यायचं. हुप्प्या त्याच्या मनाने येतो.

मी ताट ठेवलं. हुप्प्या पिंपळाच्या खालच्या फांदीवर होता, उतरायच्या बेतात. ओट्याच्या कडेच्या कठड्यावर ती काळ्या पिल्लाची आई बसली होती, माझ्यापासून हातभर अंतरावर, ताटाकडे बघत. आता मोठा येणार, त्याच्यापुढे हिला काय मिळणार? ट्रक भरताना मी हमालांतल्या सगळ्यात गरीब माणसाला कोपऱ्यात बोलावून आधी चहा पाजतो, म्हणजे पुढे कुरकुर होत नाही. तसंच, विचार न करता, मी ताटातल्या मूठभर शेंगा उचलल्या आणि तिच्यापुढे धरल्या.

तिने हात पुढे केला. त्याच क्षणी हुप्प्या अंगावर आला. माझ्या नाही, तिच्या. आवाज असा झाला की मांडवातला बँड थांबला. ती उडी मारून कठड्यावरून देवळाच्या शिखराकडे गेली, पण मधेच तिच्या पोटाचं पिल्लू सुटलं. काळा गोळा फरशीवर पडला आणि हलला नाही.

मी पुढे जायला निघालो. रेणुकाने माझा दंड धरला. "काका, हलू नका. तुम्ही गेलात तर ती खाली येणार नाही."

सगळं गाव उभं होतं. नवऱ्या मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला होता, कारण हुप्प्या ताटाला न शिवता पिंपळावर जाऊन बसला होता, आणि त्याने उचलल्याशिवाय अक्षता नाहीत. पलीकडच्या लिंबावर फाटक्या कानाचा उभा राहिला होता. ते फक्त रेणुकाने आणि मी बघितलं. मी आयुष्यात माल बुडताना बघितलाय, भर बाजारात गोदाम जळताना बघितलंय. पण त्या फरशीवरच्या मूठभर जिवाकडे बघताना जसा घाम फुटला तसा कधी नाही.

मग पिल्लाने बारीक किरकिर केली. आई शिखरावरून खाली आली, एका हाताने त्याला पोटाशी लावलं आणि माणसांच्या डोक्यावरून पत्र्यांवर, पत्र्यांवरून तुरीकडे निघून गेली. पिल्लाचा एक हात आईच्या केसांत होता. दुसरा नुसता लोंबत होता.

मला कुणी रागावलं नाही. पाहुणा होतो. तात्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. नवऱ्या मुलाचे वडील दुसरं ताट भरून आणायला गेले. मी रेणुकाला म्हटलं, मी तिच्या भल्यासाठीच दिलं गं. ती म्हणाली, "माहितीये काका. पण तोवर तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तुम्ही हात पुढे केलात आणि ती सगळ्यांच्या नजरेत आली."

प्राजक्ता शेजारीच उभी होती. ती यावर काही बोलली नाही, आणि त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

हुप्प्या उतरला तोवर जेवणं गार झाली होती आणि भटजींनी तीनदा घड्याळ बघितलं होतं. त्याने एक केळं उचललं, सोलून खाल्लं आणि गेला. मांडवात असा आनंद झाला की नवरी पण हसली. गव्हाची खीर आणि वांग्याची भाजी होती. 

रविवार: परत

सकाळी निघायच्या आधी रेणुका शेतात जाऊन आली. पिल्लू जिवंत होतं, दूध पीत होतं. हाताचं तिला सांगता येईना. फाटक्या कानाचा अजून लिंबावरच होता.

ओतूरच्या पुढे चहाला थांबलो. टपरीच्या मागे शेताच्या बांधावर उभा राहून मी नानांना फोन लावला. प्राजक्ता गाडीत होती, पण काच खाली होती.

मी म्हटलं, "नाना, गुरुवारी मी बोललो ते माझं बोलणं होतं. पोरीला विचारून बोललो नव्हतो. काय बोलायचं ते ती ठरवेल."

 नाना एकदम गोड आवाजात म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. आता तू उद्या येऊ नको. तू बसलास तर लोक म्हणतील बापाने पैशावर मिटवलं. आणि मागच्या रस्त्याचं आपल्याला एकदा बोलावं लागंल." फोन ठेवला.

गाडीत बसलो. घाट उतरलो. टोकावड्याच्या आसपास प्राजक्ता म्हणाली, "पप्पा, मीही तेच सांगणार होते. उद्या तुम्ही येऊ नका. तुम्ही असलात की मी तुमच्या तोंडाकडे बघेन."

सोमवार आणि नंतर

माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या घरातल्या कुणाचा निर्णय मी खोलीबाहेर बसून ऐकलेला नाही. लग्नं, वाटण्या, दवाखाने, सगळीकडे मी मधल्या खुर्चीवर. सोमवारी ती रिक्षाने शाळेत गेली आणि मी वळच्या गोदामाच्या ऑफिसात बसलो. एका गाडीच्या पावतीवर मी दोनदा सही केली. शाळेच्या गेटसमोरच्या पानवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे. तो फिरवला आणि वाजायच्या आत कापला. बायकोचा फोन आला, काय कळलं का. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग फोन का उचलला, लाईन मोकळी ठेवा.

शेवटी फोन आला तो हनीफभाईचा.

"पाटील, तुझी पोरगी माफी न्हाय मागितली," तो म्हणाला. मी ऑफिसचं दार लावून घेतलं. पुढचं त्याने त्याच्या पद्धतीने, मध्ये मध्ये खोकत सांगितलं. बाहेर दोन पोलीस होते. एक जण ओरडला, आमच्या मारुतीची थट्टा केली. दुसरा ओरडला, बच्चोंका ईमान खराब करते. ती उभी राहिली आणि आधी वर्गात बोलली होती ते अख्खं वाक्य बोलली, त्या तुकड्यात गाळलेला भागसुद्धा. मग म्हणाली, तुमच्या मुलांनी काय मानायचं हे मी शिकवत नाही, मला तो अधिकार नाही. पुरावे काय सांगतात ते शिकवते, परीक्षेत तेच येतं. आणि बुधवारी मी हा धडा पुन्हा घेणार आहे, ज्यांना वाटतं मी मुलांना बिघडवते त्यांनी मागच्या बाकावर येऊन बसावं. त्यानंतर मला काढायचं तर काढा.

"मग?"

"मग काय. नाना बोलला, बुधवारपर्यंत थांबू. चार जण बोलले आम्ही पोरांचे दाखले काढतो. मी बोललो, मी बसणार. बघू तर काय शिकवते."

बुधवारीही मी गेलो नाही. मागच्या बाकांवर बरेच पालक होते, असं कळलं. हनीफभाईचं पोट बाकात मावेना म्हणून त्याला प्रयोगशाळेतलं स्टूल दिलं. त्याने तासात दोन प्रश्न विचारले आणि दुसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, याचं उत्तर मला माहीत नाही, अजून शोधताहेत. हनीफभाईला ते सगळ्यात जास्त आवडलं. संध्याकाळी तो मला म्हणाला, "मी मानत न्हाय. मरेपर्यंत मानणार न्हाय. पण शबानाला मी सांगितलं, घरी घरचं, पेपरात पुस्तकातलं, आणि मोठी झालीस की तुझं तू बघ. पोरगी चुकीचं काय शिकवत न्हाय." त्याने अर्जावरची सही मागे घेतली. दाखले दोघांनी काढले. नोकरी राहिली, निदान या वर्षापुरती.

प्राजक्ता घरी आली, हात धुतले, जेवायला बसली. मी भातावर आमटी घेतली आणि काही विचारलं नाही. आतल्या आत माझी काय अवस्था होती ते माझं मला माहीत. भात संपत आल्यावर ती म्हणाली, "विचारत का नाही?"

"तू सांगशील तेव्हा सांग."

"हनीफकाकांचा फोन येऊन गेला ना?"

बायकोने तोंडाला पदर लावला. मीही हसलो, काय करणार. मग तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि मी पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकलं. खरं तर पहिल्यांदाच ऐकत होतो. हनीफभाईने मला सभा सांगितली होती. बोलताना तिने टेबलाची कड धरून ठेवली होती, हे त्याला दिसलं नव्हतं.

तुम्ही कुणी त्या बाजूला जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, खर्ड्याचा किल्ला बघा, भाकरी खा. दोन माणसांना तीन दिवसांत डिझेल धरून आठ-नऊ हजारांत होतं. ते गाव मला विचारू नका.

माझं म्हणाल तर नानांनी मागच्या रस्त्याच्या तोंडाशी सिमेंटचे दोन खांब आणून टाकले आहेत. अजून रोवलेले नाहीत. बोलणं काढायला त्यांच्याकडे मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा ते घरी नव्हते. ट्रकवाले विचारतात, शेठ, ये खंभा कायको? मी म्हणतो, बाजूने काढ. रोज सकाळी गोदामाकडे वळताना माझं लक्ष आधी तिकडे जातं. आज सकाळपर्यंत तरी ते आडवे आहेत.